शेंदरी खूण

रविवार, संध्याकाळ

कन्नडच्या घाटातला कडा चढाईच्या सरावाला तसा सोयीचा. एसटी पायथ्याशी सोडते, दुपारपर्यंत सावली. पण दगड भुसभुशीत, हात घातला की निघून येतो. भरवशाचा एकच, अगदी तळाशी. चढाई तिथूनच सुरू होते. लगेच सापडावा म्हणून माझा चढाईतला जोडीदार नितीन यानं मागच्या खेपेला त्याला शेंदरी रंग फासला. शेंदरीच का? डब्यात तोच उरला होता म्हणे.

आज त्या दगडापुढं नारळ, उदबत्ती. मी पाय उचलला तशी शेळ्या राखणारी आजी म्हणाली, "देवावर पाय नका ठिवू."

"आजी, रंग आमचाच आहे. अख्ख्या कड्यात हा एकच दगड हलत नाही, म्हणून लावला."

"मंग? हालत नाय म्हणूनच देव हाय."

बूट आधी नितीननंच काढले.