शून्यावर न आलेला आकडा

६ ऑक्टोबर, सोमवार
पूर्ण भाराची चाचणी झाली. पंख वाकायचा तितका वाकला, मोडला नाही. टाळ्या. मी वाजवल्या नाहीत, कारण भार उतरायचा होता. उतरल्यावर सगळे गेज, धातूचा ताण मोजणाऱ्या चिकटवलेल्या पट्ट्या, शून्यावर परत आले. एक सोडून. उजवा पंख धडाला जोडला जातो तिथला, मागच्या बोल्टजवळचा. थोडाच वर राहिला, पण राहिला. डावीकडचा त्याचा जुळा मुकाट शून्यावर.
चाचणीचे विमान कधी उडणार नाही. उडणारे शेजारच्या हँगरमध्ये रंग लावून उभे आहे. त्याचा जोड याच मापाचा, याच कारखान्यातला.

७ ऑक्टो.
प्रकाशने सकाळीच कारण आणले. मी निवृत्त झाले की खुर्ची त्याची, म्हणून जरा जास्तच धावतो.
"मॅडम, पूजेचं कुंकू."
आयुधपूजेला मी आनेकलला होते, जोडाच्या कारखान्यात. मागे यांनी अख्ख्या विमानाला हळदकुंकू केले. प्र.ने स्वतःच्या हाताने उजव्या जोडाला बोट लावले, वर नारळाचे पाणी शिंपडले. "गेजच्या तारेत ओल गेली असणार. ओल असली की आकडा खोटा येतो, तुम्हीच शिकवलं की."
शिकवले खरे. इतकी वर्षे हेही सांगते: लिंबू चाकाखाली ठेवा, कोहळा बाहेर फोडा, गेजना हात लावू नका.
"पण उचलतो तो पंख मॅडम, आणि मान नुसता चाकाला?"
हसू आले. दाखवले नाही.
कारण पटण्यासारखे आहे. सगळ्यांना फार लवकर पटले.

९ ऑक्टो.
बैठक. डायरेक्टर सगळ्यांपुढे: "म्हणजे कुंकवानं विमान अडवलं." हशा. पहिले उड्डाण नोव्हेंबरच्या मध्यावर ठरले आहे, दिल्लीहून पाहुणे यायचे आहेत. मी म्हटले, आधी तार वाळवून पाहू. "पाहा. दिवाळीच्या आत."
जाताना गोड आवाजात: "एकतीसला तुमचा निरोप. त्याआधी सगळं मार्गी लागावं अशी आमची इच्छा होती."
लढाऊ विमानवाल्यांच्या इमारतीपर्यंत बातमी गेली. कँटीनमध्ये एकजण: "लॉरी ऑफिसात पूजा जोरात झाली म्हणे." आम्ही त्यांना कायमचे लॉरी ऑफिस. नोकरी लागली तेव्हा आईही हेच म्हणाली होती: मालवाहू विमान? म्हणजे लॉरीच की गं. तिला समजावले होते. यांना समजावत नाही.

१२ ऑक्टो., रवि.
सुट्टी असून हँगरमध्ये. तार स्पिरिटने पुसली, गरम हवा दिली. मीटर सांगतो, ओल नाही. आकडा जागच्या जागी. सकाळी तोच, जेवणानंतर तोच.
ओलीने बिघडलेला आकडा चाळवत राहतो. हा बसून आहे. धातू मर्यादेबाहेर ताणला गेला की असा बसतो. किंवा पट्टीच कायमची खराब झाली असेल. दोन्ही शक्य. त्यातले एक मला नको आहे, म्हणून दुसरे खरे धरता येत नाही.
घरी दत्तू वाट पाहत बसलेला. "अक्का, रविवारी तरी स्वल्प शांत बस. चल, बनशंकरीला जाऊन येऊ."
"देवीला काय विचारू? गेज खरा की खोटा?"
"विचार की. तुझ्या डायरेक्टरपेक्षा बरं सांगेल."
धाकटा भाऊ साठीला आला, जीभ अजून शाळेतली.

१४ ऑक्टो.
डायरेक्टर म्हणतात, गेज खराब आहे, नवा लावा, पुढे चला. नवा लावला की तो शून्यापासून सुरू. आधी काय झाले ते त्याला कुठे माहीत असणार. आकडा स्वच्छ येईल आणि सगळे खूश.
मी म्हटले, जोड उघडायचा. पंखाला खालून टेकू, बोल्ट काढायचे, भोकांच्या कडा तपासायच्या. तीन आठवडे तरी.
"म्हणजे उड्डाण पुढं गेलं."
"गेलं."
"आणि काही सापडलं नाही तर?"
"तर सापडलं नाही."
"तेव्हा तुम्ही इथं नसाल, मॅडम."
एकतीसपर्यंत आहे. आदेश देऊन टाकला. प्र. बाजूला उभा होता, जमिनीकडे बघत.

१७ ऑक्टो.
कॅप्टन नाणय्या ऑफिसात माझ्या खोलीत आले. पहिले उड्डाण तेच करणार. कधी येत नाहीत. कॉफी मागवली. मुलगी यंदा दहावीला, गणितात कच्ची, वगैरे. मग कन्नडमध्ये सरळ: "मला कारण नको, आकडा नको. सरी की सरी नाही, ठीक आहे की नाही, तेवढं सांगा."
"आज सरी नाही."
"उद्या?"
"बदललं तर मी स्वतः सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंत तर मला विचारा."
मान हलवली. कॉफी अर्धी टाकून गेले.

२३ ऑक्टो.
दिवाळी संपली. दत्तूने फराळाचा डबा समोर ठेवला, मी ड्रॉइंग बघत बसले. घरी आणायची परवानगी नाही, डोक्यातलेच.
इंजिनीअरिंगच्या वर्गात एकटीच मुलगी होते. नोकरीला लागले तेव्हा पहिली कितीतरी वर्षे फक्त दाराच्या बिजागऱ्या दिल्या. मग मागचा उतरता दरवाजा, ज्यावरून जीप चढते. मग पंख. दोन विमाने कागदावरच मेली, एक पैशापायी, एक कुणाच्या तरी बदलीपायी. धातूचे झाले ते हे एकच. चाळीस टन उचलणार ते याच जोडांवर.
मलाही ते उडताना बघायचे आहे. डायरेक्टरना वाटते मला नाही बघायचे. त्यांच्यापेक्षा जास्त...

२९ ऑक्टो.
आधी क्रेन नव्हती. क्रेन आली तर चालवणारा रजेवर. आज थोडे बोल्ट निघाले, मागचा अजून आत. मुद्दाम चालले आहे की नेहमीचा सुस्तपणा, सांगता येत नाही. इथे दोन्ही सारखेच दिसतात.
प्र.ला विचारले. "मॅडम, एकतीसनंतर मला त्यांच्या हाताखाली दिवस काढायचेत की."
"काढ. जोड उघडून काढ."
"तुम्हाला सोपं आहे."
उलट बोलला. पहिल्यांदाच. बरे वाटले, सांगितले नाही.

३१ ऑक्टो.
निरोप. शाल, हार, म्हैसूरपाक. डायरेक्टर छान बोलले, "शिस्त" हा शब्द फार वेळा. नाणय्या मागे उभे होते, भाषण संपताच गेले. भाषणात मी एवढेच म्हटले: जोड उघडा आहे, तो तपासून बंद करा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठीक.
हँगरकडे जायला निघाले, तर गेटपास जमा करून घेतला होता.

१ नोव्हेंबर
कर्नाटक राज्योत्सव. गल्लीभर लाल-पिवळे झेंडे, सकाळपासून लाउडस्पीकर. सुट्टी असल्याने हँगर बंद, तेवढा दिवस सुरक्षित. दत्तू म्हणतो, निवृत्त माणसाने असा विचार करू नये.

३ नोव्हें., सोम.
सकाळी प्र.चा फोन. बोल्ट परत बसवा, नवा गेज लावा, याच आठवड्यात चाचणी, उड्डाण ठरल्या दिवशी. डायरेक्टरांचा निरोप. दुपारी बैठक, तिथे प्र.ने हो म्हणायचे आहे.
"काय करू सांगा की, मॅडम."
"खुर्चीत कोण आहे?"
"मी."
"मग मला काय विचारतोस?"
त्याच्या मागे कुणीतरी कन्नडमध्ये शिडी मागत होते.
"तुला वाटतं कुंकवानं झालं?"
"नाही वाटत."
"हे बैठकीत बोल."
"सांगतो" म्हणाला नाही. "बघतो" म्हणाला आणि ठेवला.
नाणय्यांचा नंबर समोर आहे. एका फोनचे काम. ते चढणार नाहीत, उड्डाण थांबेल. पण मग प्र.च्या शब्दाला त्या खोलीत कायमची किंमत उरणार नाही. म्हातारीने घरून थांबवले, हा नुसता बसून होता, असे होईल. पुढचा जोड, पुढचे विमान, सगळे त्याच्याकडेच जायचे आहे. आणि तो हो म्हणाला असेल तर त्याची किंमत राखून तरी काय उपयोग.
जेवले. दत्तूने भात वाढला.
चार वाजून गेले. बैठक संपली असणार. फोन नाही. दत्तू म्हणतो, जयनगरच्या मार्केटपर्यंत चल, भाजी आणू, पाय मोकळे होतील. नाही म्हटले.
पाचपर्यंत प्र.च्या फोनची वाट. नंतर माझा फोन, नाणय्यांना.