दिलीपकाकांचं कार्डांचं दुकान, मुक्काम स्वोर्ड्स

स्वोर्ड्स (डब्लिनजवळ), रविवार दुपार

चिरंजीव लिहावं तर तू माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आणि तीर्थरूप लिहावं तर तुझं शाळेतलं वागणं आठवतं, म्हणून नुसताच दंतवैद्य हर्षवर्धन यांस उपेंद्रचा मनापासून नमस्कार. तुझा दवाखाना जोरात असेल, वहिनी ठीक असतील आणि आईंचा गुडघा आता जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे ग्रँड आहोत. (इथं एकशे दोन ताप असला तरी माणूस ग्रँडच असतो. वृंदा हॉस्पिटलात पेशंटला कसं वाटतंय विचारते, तो ग्रँड म्हणतो आणि मग हिला खरं काय ते रक्ताच्या रिपोर्टवरून शोधावं लागतं.) आमचा ध्रुव दहा वर्षांचा झाला. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र असं देतो की त्याचे वाडवडील पिढ्यान् पिढ्या इथं मेंढ्या राखत असावेत.

तर घडलं ते असं. मागच्या महिन्यात एका शनिवारी मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथं गल्ल्यापाशी फुटबॉलच्या कार्डांची पाकिटं टांगलेली असतात. त्यांच्यासमोर माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ एक पाकीट कानाशी धरून हलवत उभे होते. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, तोवर माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कंपनीत हाताखाली चौदा जण, आणि मी दुधाच्या फ्रिजसमोर हात मागे बांधून उभा. मग डोक्यात प्रकाश पडला. असे हात आपण आयुष्यात एकाच माणसासमोर बांधले. गोकुळपेठेतल्या 'वैभव स्टेशनरी'चे दिलीपकाका.

तुला सगळं आठवत असेलच, तरी लिहितो, कारण लिहिताना मजा येते. (वृंदा मुंबईची. तिच्या मते असं दुकान फक्त त्यांच्या चेंबूरला होतं आणि बाकी महाराष्ट्र गोट्या खेळत होता.) च्युइंगमच्या गोळीबरोबर क्रिकेटपटूचं कार्ड, कार्डाच्या पाठीवर धावा, शंभर धावा जमल्या की पोस्टर. शाळा सुटली की वीस पोरं त्या फळीसमोर, हात मागे, कारण काकांचा नियम होता की आधी बघायचं, मग मागायचं, हात लावायचाच नाही. आणि ते प्रत्येक पाकीट देण्याआधी कानाशी हलवायचे. आपली पक्की समजूत होती की आत कप्तान आहे की बारावा गडी, हे त्यांना ऐकू येतं. तू तर त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचास.

मी ओळख दिली. त्यांनी मला ओळखलं नाही, पण नागपूरचा म्हटल्यावर पाकीट माझ्यासमोर नाचवलं. "यात गोळीच नाही ना बे. कागदच विकून राहिले हे." मग मी धीर करून तीस वर्षांचा प्रश्न विचारला, की कानाशी धरून ऐकायचात काय? ते म्हणाले, गोळी वाळून कडक झाली की वाजते, तसला माल पोराले देऊ नये, पोराचे दात जातात. एवढंच. हर्षा, तो माणूस आपले दात सांभाळत होता आणि आपण त्याला अंतर्ज्ञानी समजत होतो.

त्यांचा मुलगा अद्वय इथं विमानतळावर नोकरीला आहे. काका सहा महिन्यांसाठी आलेत. (काकू आल्या नाहीत. त्यांना सहा महिने शांतता हवी होती.) पण दोन महिन्यांतच त्यांनी परत जायचा धोशा लावला होता. जेवण कमी केलं होतं, फोनवर काकूंशीही दोन वाक्यांपलीकडे बोलत नव्हते, आणि अद्वय बिचारा तिकीट बदलायच्या विचारात होता. त्याला वाटे थंडी बाधली, सुनेला वाटे आपलं काही चुकलं. मला मात्र त्यांनी बसस्टॉपवर खरं कारण सांगितलं. "इथी कोणी भांडतच नाही बाप्पा. परवा मी एकाले धक्का मारला, तं तोच मले सॉरी म्हणते." पस्तीस वर्षं रोज वीस पोरांशी आणि त्यांच्या आयांशी हुज्जत घातलेला माणूस. त्याला शांततेनं सुकवलं होतं.

आता ध्रुवच्या शाळेत दर वर्षी मेळावा असतो आणि पालकांना एकेक टेबल चालवावं लागतं. (गेल्या वर्षी माझ्या टेबलावर कांदेपोहे होते. ते कोणीतरी पक्ष्यांना घातले.) मी या वर्षी कार्डांच्या अदलाबदलीचं टेबल मागून घेतलं आणि काकांना सांगितलं की मला एक अनुभवी माणूस हवाय. ते नको म्हणाले. मेळाव्याच्या सकाळी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अद्वयच्या आधी गाडीत बसले होते.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी माझी सगळी मांडणी मोडली. टेबल आडवं लावलं, मला मागे खोके उघडायला बसवलं. पोरांची झुंबड उडाली तसा हात वर करून नियम सांगितला, अस्सल नागपुरीत. ध्रुव शेजारी उभा राहून डब्लिनच्या इंग्रजीत तो पुढे पोचवत होता. पाच मिनिटांत तीस आयरिश पोरं हात मागे बांधून रांगेत उभी. मुख्याध्यापिकाबाई लांबून बघत होत्या. इतकी शिस्त त्यांनी प्रार्थनेतही पाहिली नसावी.

मग मार्टिन नावाचा एक पालक आला. साडेसहा फूट उंच, धंद्यानं प्लंबर, मूळचा गॉलवेकडचा. त्याच्या हातात पत्र्याचा डबा, आणि डब्यात त्याच्या लहानपणची हर्लिंगची कार्डं. (हर्लिंग म्हणजे हॉकीसारख्या काठ्या घेऊन, पण चेंडू हवेत ठेवून खेळायचा इथला खेळ. बघताना आपलेच दात दुखतात.) त्याच्या गावात एक म्हातारी बाई कार्डं विकायची आणि मेणबत्त्यांच्याच खणात ठेवायची, त्यामुळे त्या कार्डांना अजून मेणाचा वास येतो. त्यानं एक कार्ड पुढे केलं आणि बदल्यात फुटबॉलची दोन मागितली. काकांनी ते उलटंपालटं केलं, हुंगलं आणि कोपरा दुमडलेला आहे, एकच मिळेल, असं मराठीत सांगितलं. युअर मॅन (म्हणजे 'तो गडी', इथं असंच म्हणतात) खवळला. तिथून पुढे चाळीस मिनिटं ते दोघे भांडले. एक गॉलवेच्या इंग्रजीत, एक गोकुळपेठेच्या मराठीत. मी मध्ये भाषांतर करू गेलो तर दोघांनीही मला गप्प केलं. मार्टिन निघून जायचा, दारातून परत यायचा. काका डबा मिटून त्याच्याकडे सरकवायचे आणि झाकणावरचा हात काही काढायचे नाहीत. रांगेतली पोरं घरी जायला तयार नव्हती. आया केक सोडून बघायला आल्या. शेवटी सौदा एका कार्डावर आणि एक कप चहावर पटला. त्या चहावर दोघांनी आपापल्या दुकानांबद्दल काय सांगितलं देव जाणे, पण मार्टिन जाताना डोळे पुसत होता आणि काकांचा आवाज पार बसला होता.

घरी जाऊन ते तीन पोळ्या जेवले. दुसऱ्या दिवशी अद्वयचा फोन आला, की बाबा तिकीट बदलू नको म्हणतात, दर शनिवारी मार्टिनकडे काम आहे म्हणतात. सून रडली म्हणे, आनंदानं. मीही जरा फ्रिज उघडून उभा राहिलो, वृंदाला दिसू नये म्हणून.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, तुला जे उरेल ते.

तुझा,
उपेंद्र

ता.क. पाकिटात एक किल्ली आहे. 'वैभव स्टेशनरी'च्या माळ्यावर न विकलेल्या कार्डांचे दोन खोके अजून आहेत आणि काकांना ते मार्टिनला दाखवायचेत. (परदेशी येताना ब्लडप्रेशरच्या गोळ्या विसरले, दुकानाची किल्ली आणली.) तू सुहासिनीकाकूंना भेटून खोके काढ आणि माझ्या बहिणीकडे दे. ती पुढच्या महिन्यात येते आहे.

ता.क. दुसरा. काकूंकडे गेलास की एक माफी मागायची आहे. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या दुकानातलं काचेचं कपाट फुटलं. ते मी फोडलं, आणि नाव तुझं सांगितलं. तू गालगुंड होऊन घरी पडला होतास, त्यामुळे नाही म्हणायला समोर नव्हतास. काका दहावीपर्यंत तुझ्याशी का बोलले नाहीत, याचा तू पुष्कळ विचार करायचास. आता कळलं असेल. परवा गाडीत ते आपणहून म्हणाले, जाऊ दे, तुझ्या त्या दोस्ताले मी माफ केलं. इतके खुशीत होते की मला खरं सांगवेना.

ता.क. तिसरा. काकू रागावणार नाहीत, मी फोनवर विचारून घेतलं. त्यांना फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय की का फोडलंस. काहीतरी चांगलं कारण तयार ठेव. मला आजवर सुचलेलं नाही.