भोंग्याकडे धावलेला गाव

मंगळवार, संध्याकाळ

गोदामावरचा भोंगा मी केला, त्याचा पत्र्याचा कर्णा मी वाकवला, वारा दाखवणारी कापडी पिशवीही मीच शिवली. शिकवलं कुणीच नाही. नव्या कायद्यानं रसायनाचं गोदाम उघडण्याआधी गावाची तालीम हवी. भोंगा वाजला की गोदामापासून लांब पळायचं.

आज वाजवला, तर सगळे हिरव्या डहाळ्या घेऊन गोदामाकडेच धावले. पुढं म्हातारी गंगाक्का.

"आग कुठं हाय रे?"

"आग न्हाई अक्का, विषारी वायू. लांब पळायचं."

"हाक मारायची आन् पळायला सांगायचं? तुझा बा असा नव्हता."

वणवा लागला की बा डोंगरावरून शिंग फुंकायचा. डहाळ्या घेऊन सगळे त्या आवाजाकडे. आग झोडपून काळ्या तोंडांनी परतले की आई गुळपाणी द्यायची. माझा भोंगा अगदी त्या शिंगासारखा घुमतो, याचाच मला अभिमान. तिथंच चुकलं का? खरा वायू असता तर...

तालमीच्या दाखल्यावर गावातर्फे सही माझी. गोदामवाले म्हणाले, तालीम नीट झाली असं लिहा, पोरांना कामं मिळतील. कामं हवीतच. पण मी म्हटलं, आवाज बदलतो, तालीम पुन्हा घेऊ. तेव्हा त्यांनी आजच्या आज सही करायचे पन्नास हजार देऊ केले. मी नाही म्हणालो.