मामांच्या करंगळीएवढी दोरी

फुगवट्याच्या काठावरून,
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
१७ फेब्रुवारी

तीर्थरूप मार्कमामांस,

नोहाचा प्रभूच्या नावात सलाम. इकडे आई, मी आणि होडी, तिघेही ठीक आहोत. (होडी परवापासून ठीक आहे. तिचंच सांगायचं आहे.) तुमच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? आणि कानातलं यंत्र लावता, की अजून डबीतच आहे? हन्नामामी म्हणत होत्या की चर्चला निघताना लावता आणि उपदेश सुरू झाला की काढून खिशात ठेवता. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मुद्द्यावर येता येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, मग हे पक्कं केलं.

मुद्दा पुढच्या शिडाच्या गुंडाळीचा आहे. मुंबईत शिडाच्या होड्यांवर काम केलेल्या तुमच्या शब्दावर राधाकृष्ण सरांनी (साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आता माझे मालक) मुंबईची जुनी शिडाची होडी उसाच्या ट्रॉलीवर घालून जायकवाडीच्या फुगवट्यात आणली आणि मला तिच्यावर ठेवलं, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा तुम्ही मला समजावलं होतं की पुढचं शीड एका तारेभोवती गुंडाळलेलं असतं आणि तारेच्या पायाशी एक रीळ असतं. शीड उघडलं की दोरी रिळावर चढते, दोरी ओढली की रीळ फिरून शीड पुन्हा गुंडाळलं जातं. भोवरा आणि त्याला गुंडाळायची जाळी, बाकी काही नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मामा, बाकी पुष्कळ आहे.

जानेवारीत रीळ कुरकुरायला लागलं. मला रात्रभर तोच आवाज ऐकू यायचा, म्हणून मी त्यात बैलगाडीच्या आखाला घालतात ते वंगण भरलं. आठ दिवसांत काठावरची सगळी धूळ त्यात येऊन बसली आणि रिळातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज निघू लागला. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की होडीवर बसलेले बगळे उडाले. रिळाला वंगण नाही, नुसतं स्वच्छ पाणी, हे तुमचं म्हणणं मी वहीत लाल शाईनं लिहिलं आहे. मग तीन दिवस दात घासायच्या ब्रशनं ते वंगण काढलं. (ब्रश आईचा होता. तिला नवा आणून दिला आहे, पण ती अजून नीट बोलत नाही.) धुताना दिसलं की गुंडाळीची दोरीही विरली आहे. पुन्हा तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, करंगळीएवढी घे, आणि फोन ठेवलात.

मी बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेलो. दुकानात दोऱ्यांपुढे उभा राहिलो आणि शंका आली. करंगळी खरी, पण कुणाची? माझी तर भेंडीसारखी आहे. सांगणारे तुम्ही, तेव्हा माप तुमचंच धरायला हवं. तुमची करंगळी मला चांगली आठवते. श्रीरामपूरला दर रविवारी तीच धरून मी चर्चला चालत जायचो. डोळे मिटून ती आठवली आणि तेवढी दोरी घेतली. दुकानदार म्हणाला, डोळे झाकून न्या, मारका खोंडसुद्धा ही तोडत नाही. मला तेवढा भरवसा पुरेसा वाटला. नवी दोरी रिळावर घालून शीड निम्मं उघडून पाहिलं, निम्मं गुंडाळून पाहिलं, झकास चाललं. पूर्ण उघडलं नाही, कारण काठाला वेड्या बाभळी आहेत आणि शीड फाटलं असतं.

आता ग्रेसचं. (आई म्हणाली होती की हे लिहूच नको. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.) ग्रेस श्रीरामपूरला दवाखान्यात नर्स आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिचे वडील म्हणजे पीटर मास्तर, ज्यांच्या गणितात मी दहावीला दोनदा नापास झालो. त्यांनी ग्रेसला सांगितलं, मुलगा निर्व्यसनी आहे, प्रार्थनेला येतो, सगळं मान्य; पण तो करतो काय? दोऱ्या बांधतो. ते काम आहे की खेळ, हे एकदा डोळ्यांनी बघेन आणि मग लग्नाला हो किंवा नाही सांगेन. ते शनिवारी सकाळी आले. सरांना विचारून मी त्यांना होडीत बसवलं, गळ्यात तरंगायचं जाकीट घातलं आणि इंजिन दुरुस्तीला गेलं आहे हे त्यांना सांगायची गरज नाही असं ठरवलं.

वारा चांगला होता. मी पुढचं शीड सोडलं. ते एका दमात दोन तृतीयांश उघडलं आणि थांबलं. पाहतो तर दोरी रिळावर काठोकाठ भरलेली, वरचे वेढे एकमेकांवर चढून खाचेत रुतलेले. उघडेना आणि मिटेना. मी ओढलं, मास्तरांनी ओढलं. मग मला तुमचं वाक्य आठवलं, अडलं की जोर लावायचा नाही, का अडलं ते बघायचं. मी हात सोडून बघत बसलो. तेवढ्या वेळात होडी भरधाव निघाली. मास्तर अंगाचं मुटकुळं करून बसले आणि म्हणाले, "बायबलातल्या नोहाच्या तारवाला शीड नव्हतं. देवानं विचार करूनच ठेवलं नसेल." मग अर्धा तास वाऱ्यानं नेलं तिकडे गेलो. आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन लागलो.

तिथे छबूबाई नावाच्या मावशी शेळ्यांना पाणी पाजत होत्या. चिखलात रुतलेली होडी त्यांनी पाहिली, रीळ पाहिलं, दोरीला हात लावला आणि विचारलं, "आरं लेकरा, ह्यो तं बैलाचा कासरा हाय. वारा काय बैल हाय व्हय, बांधून घालाया?"

मास्तर खाली वाकले. रिळाची खाच बोटानं मापली, कासरा मापला आणि मला विचारलं, "दोरीची जाडी दुप्पट केली, तर तेवढ्याच जागेत वेढे किती मावतील?"

मी म्हणालो, "निम्मे."

"चौथाई. अजून नापासच आहेस." मग म्हणाले, "पण एवढी जाड घ्यायला तुला सांगितलं कुणी?"

मी खरं ते सांगितलं. करंगळीचं, चर्चच्या रस्त्याचं, सगळं.

"तेव्हा तू केवढा होतास?"

"पाच वर्षांचा."

"मग तेव्हाची तुझी मूठ हिशोबात धरलीस का?"

मामा, ते माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. मास्तरांनी चपला काढून होडीत ठेवल्या. नंतर आपणहून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. मी कासरा सोडवला, मास्तरांनी रीळ हातानं फिरवलं, मी शिडाचं टोक ताणून धरलं. छबूबाईंनी कासरा ठेवून घेतला आणि बदल्यात त्यांच्या विहिरीच्या बादलीची बारीक नायलॉनची दोरी दिली. ती माझ्या करंगळीएवढी आहे, भेंडीच्या. रिळावर चढली आणि वर जागा उरली. ती उरलेली जागा पाहून मला चौथाई कळली. येताना मी शीड पूर्ण उघडलं, दोरीवर हाताचा ताण ठेवून, सावकाश. काठाजवळ आलो आणि एका हातानं ओढलं, तर शीड गुपचूप गुंडाळलं गेलं. मास्तरांनी मला ते तीनदा उघडायला आणि मिटायला लावलं. तिसऱ्यांदा दोरी त्यांनीच ओढली. उतरताना म्हणाले, "काम आहे." एवढंच. पण चपला हातात घेऊन चालत गेले, त्या पायांत घालायच्या राहिल्या.

तब्येत सांभाळा. मामींना सलाम.

तुमचा,
नोहा

ता. क. छबूबाईंची विहिरीची दोरी परत करायची आहे. तिकडे मुंबईत शिडाची खरी दोरी मिळते, ती चाळीस फूट घ्या. पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन या.

आणखी एक. ईस्टरनंतरच्या रविवारी या. मास्तरांनी निरोप दिला आहे की मुलाकडून बोलायला त्यांना दुसरं कुणी नको, तो करंगळीवाला मामाच हवा. यंत्र कानात असू द्या. ते हो म्हणणार आहेत आणि तुम्हाला ते ऐकू यायला हवं.

शेवटचं. आलात की तुमची करंगळी एकदा मापू द्या. मास्तर म्हणतात, ती इतरांसारखीच निघेल. मला तसं वाटत नाही.