मढ्याचं दार

४ मार्च
पोहोचले. घर मनासारखं मिळालं आहे. दगडी, उंच, खाली अरुंद गल्ली आणि वरच्या खिडकीतून सगळी दरी. बोलोन्याहून आणलेलं सामान दुपारपर्यंत लावूनही झालं. एका माणसाचं ते किती असणार. परवापासून काम सुरू : जुन्या गावातून पाहुण्यांना पायी फिरवायचं. चौक, चर्च, कारंजं आणि शेवटी माझीच गल्ली. जन्मभर कलेचा इतिहास शिकवलेल्या बाईला याहून बरं काय हवं? शेजारच्या नात्सारेनाबाईंनी मसुराचं सूप पाठवलं. मीठ कमी होतं, तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग उद्या मीठ घेऊन तुम्हीच या.

६ मार्च
पहिली फेरी चांगली झाली. लोक ऐकतात. एकाला च्युइंगम टाकायला लावलं. घरी आले तर घसा बसलेला. माझा नवरा एत्तोरे गेल्यापासून इतकं बोललेच नव्हते.

फेरी माझ्या घरासमोर संपते. मुख्य दाराशेजारी कमरेइतक्या उंचीवर एक अरुंद, विटांनी बुजवलेलं दार आहे. इथल्या बऱ्याच जुन्या घरांना असतं. लोक त्याला मढ्याचं दार म्हणतात : मयत त्यातून काढायचं आणि लगेच बुजवायचं, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. खुळचटपणा आहे. शिडी लावून चढायचं आणि रात्री चोराचिलटाच्या भीतीने शिडी आत ओढून घ्यायची, यासाठी ते दार. मी हे ठणकावून सांगते, पण विटांकडे बोट दाखवून कुणाला पटणार? उघडलं पाहिजे. घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, खुशाल उघडा.

१२ मार्च
गवंडी सेत्तिमिओ आला. विटांना हात लावण्याआधी त्याने टोपी काढली आणि कोण गेलं ते विचारलं. कुणी नाही, म्हटलं. "बाई, आमच्यात कुणी गेल्यावर हे दार उघडतात. आधी उघडून वाट बघत बसत नाहीत." मी म्हटलं, मजुरी विटा काढण्याची आहे, उपदेशाची नाही. तो हसला नाही. जाताना घमेलं, थापी, विटा दाराखालीच ठेवल्या. उचला म्हटलं, तर म्हणे अर्धं काम बाकी आहे.

१५ मार्च
पाहुणे उघड्या दारावर खूश. गाव नाही. नात्सारेनाबाईंना हाक मारली. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि आत गेल्या. चौकातल्या कॉफीच्या दुकानात कॉफी मागितली तर दुकानदार पिएरोने माझ्यासमोरचा ओटा पुसला आणि शेजारच्याला म्हणाला, "कडक होती, पण बाई वाईट नव्हती."
मी तिथेच उभी होते.

१८ मार्च
सेत्तिमिओच्या घरी गेले. दार बुजवून टाक म्हटलं, हवे तितके पैसे घे. तो फार हळू बोलला. माझ्याशी इथे कुणी इतकं हळू बोललेलं नाही. "रिकामं दार बुजवता येत नाही, बाई. आणि त्या घरात तुमच्याशिवाय आहे कोण?"

२० मार्च
फेऱ्या ठरवणाऱ्या ओरिएत्ताने ऑफिसात माझी छत्री, फेरीत लोकांना दिसावी म्हणून उंच धरायची ती, एका नव्या मुलीच्या हातात दिली. मी टेबलावर हात आपटला. तिने वर पाहिलं नाही. फक्त खिडकी लावून घेतली, वारा आल्यासारखी.

२१ मार्च
गल्लीत खुर्च्या मांडल्या आहेत. बायका काळ्या कपड्यांत बसून आहेत, कुजबुजतात. उंबऱ्यावर सूप ठेवलेलं. या वेळी मीठ बरोबर आहे.

बोलोन्याची गाडी आहे उद्या. जाते.

२२ मार्च
मुख्य दार उघडत नाही. किल्ली फिरते, दार नाही. खिडकीतून हाका मारल्या — कुणी मान वर केली नाही — गाडी गेली असेल.

दुसरी वाट एकच आहे. त्या वाटेने मी जाणार नाही.

२३ मार्च
फेरी आली आहे. खाली नवी मुलगी बोलते. माझीच वाक्यं. कुणीतरी विचारलं, कोण राहायचं इथे? एक बाई होत्या, म्हणाली. एकट्याच.

चुना कालवतो आहे सेत्तिमिओ. ऐकू येतं.

त्याने टोपी काढली — खुर्च्या सरकल्या — सगळे या दाराकडे बघताहेत. माझ्याकडे. नात्सारेनाबाई हात पुढे करून म्हणताहेत, या बाई, सांभाळून —

किती दिवसांनी कुणी —

पण ती पोरगी चुकीचं सांगते आहे. मढं वगैरे. फक्त उंबऱ्यापर्यंत जाते, एवढंच सांगायला, की हे दार शिडीसाठी, शिडी लावून माणसं आत —