पॅटिन्सनबाईंचं फाटक

संडरलंड
४ मार्च १९८५

ती. थेल्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेला स्वेटर तुझ्या भावजयीला, मोइराला, अगदी मापात बसला. इकडे मी मात्र एक घोटाळा करून बसलोय.

बेकारीभत्त्यासाठी दर पंधरवड्याला कचेरीत सही करावी लागते. फॉर्मवर विचारलेलं असतं, गेल्या पंधरा दिवसांत काही काम केलंत का? आता मी सव्वीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेला माणूस. तिथं तासातासाचं काम लिहून द्यायची सवय. हात आपसूक चालला. लिहिलं, होय, शेजारच्या पॅटिन्सनबाईंचं मोडकं फाटक जोडून दिलं. मोबदला, एक आल्याचा केक.

खिडकीतल्या मुलीनं ते दोनदा वाचलं आणि भत्ता थांबवला. चौकशी होईपर्यंत दमडी मिळायची नाही. मोइरा म्हणते, अख्ख्या गावात एवढा महाग केक कुणी खाल्ला नसेल. दोन दिवस ती हसली, तिसऱ्या दिवशी रडली. घरभाडं तर थांबत नाही. म्हणून वेल्डिंगचं मशीन विकायला काढलंय. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेला चिठ्ठी लावून आलो. ओळखीचं कुणी बघत नाही ना हे पाहूनच लावली, तुझ्यापाशी कसली लाज.

तुझा,
विल्फ

नॉर्विच
९ मार्च

चि. विल्फ यास अनेक आशीर्वाद.

गाढवा! लहानपणी मास्तरांच्या खिडकीची काच फोडली मी, आणि कुणी विचारलंही नसताना सांगून आलास तू. दोघांनीही मार खाल्ला होता, आठवतंय? पन्नाशी आली तरी तुझी खोड गेली नाही.

पण मशीन विकलंस तर याद राख. आज तू बेकार वेल्डर आहेस. मशीन गेलं की नुसता बेकार उरशील. आमचे हे गिरणीतली नोकरी जाऊन घरी बसले तेव्हा हत्यारं विकून मोकळे झाले. नंतर काम आलं तेव्हा हात रिकामे होते. सोबत थोडे पैसे पाठवतेय. परत पाठवलेस तर मी आयुष्यात बोलणार नाही. मोइराला सांग, रडायचं असेल तर मला पत्र लिहून रडावं.

तुझी ताई,
थेल्मा

संडरलंड
२७ मार्च

ती. ताईस सा. न.

कचेरीतून साहेब चौकशीला आले. पॅटिन्सनबाई चर्चला जायची टोपी घालून आधीच दारात उभ्या. त्यांनी साहेबांना ठणकावून सांगितलं की, हे कसलं काम, फाटक कुरकुरतं, अडकतं, असल्या कामाला कोण शहाणा पैसे देईल? माझी बाजू घेत होत्या गं बिचाऱ्या, पण माझ्या कामाला नावं ठेवलेली मला सोसेना. मोइरानं माझा पाय दाबून धरला होता. तरी मी पुढे झालोच आणि फाटक उघडून दाखवलं. कुरकुर नाही, अडकणं नाही. पॅटिन्सनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांनी जोडावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, हा शेजारधर्म झाला, एका केकला मजुरी म्हणता येत नाही. थांबलेला भत्ता दुसऱ्या आठवड्यात पोस्टानं आला.

चिठ्ठी काढायला मात्र मी विसरलो. शनिवारी एक गृहस्थ मशीन घ्यायला दारात हजर. डरॅममध्ये त्यांचा लोखंडी जिने बनवायचा लहानसा कारखाना आहे. मी सांगितलं, मशीन विकायचं नाही. तर ते हसून म्हणाले, येताना शेजारचं फाटक पाहिलं. मशीन नको असेल तर ते फाटक जोडणारा माणूस मिळेल का? मोइरानंच आतून ओरडून सांगितलं की, मिळेल, पण डब्यासकट न्यावा लागेल, दुपारी उपाशी राहिला की फार कटकट करतो.

काल कचेरीत शेवटची सही केली. खिडकीत तीच मुलगी. फॉर्मवर तोच प्रश्न, काही काम केलंत का? मी लिहिलं, नाही. सोमवारपासून होय. तिनं याही वेळी दोनदा वाचलं, आणि हळूच विचारलं की, तिच्या आईचं फाटक पण मोडलंय, आल्याचा केक चालेल का?

ईस्टरला ये. तुझा लोभ आहे म्हणून मशीन अजून घरात आहे.

तुझा,
विल्फ