डबल सोळाचा खोकला

२ मार्च
सेमीफायनल जिंकलो! फायनलमध्ये पोचलो. कारकिर्दीत पहिल्यांदाच.
समोर मेहुणा होता, हेच काय ते वाईट. पण खेळ म्हणजे खेळ. बोर्डासमोर नातीगोती नसतात.
त्याला शेवटी डबल सोळा हवा होता. बाहेरच्या त्या बोटभरही रुंद नसलेल्या पट्टीत हातातला शेवटचा डार्ट मारला की मॅच त्याची. त्याने हात मागे घेतला आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. डार्ट पट्टीच्या तारेवर आपटून खाली पडला. मग मी गेलो आणि संपवलं.
खोकला काय सांगून येतो?
हात मिळवताना मेहुणा म्हणाला, दाजी, जिंकलात, छान झालं, पण छातीकडे बघा जरा. भला माणूस.

३ मार्च
कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. फक्त माझा खोकला, पुन्हा पुन्हा. खाली लोक हसताहेत. या लोकांना कामधंदे नाहीत.
संघटनेचा फोन आला. चौकशी होणार. दुसरा खेळाडू डार्ट फेकत असताना मागे उभ्या असलेल्याने पापणीही लववू नये, असा या खेळाचा रिवाज, हे त्यांनी मला शिकवलं. मला! त्यांच्यातले निम्मे पेन्सिल धरत होते तेव्हापासून मी डार्ट धरतोय.
संकल्प : शांत राहायचं. सत्य आपल्या बाजूला आहे. साधारण.

४ मार्च
बायको म्हणाली, खोकला आहे तर डॉक्टरकडे चला. आता नाही कसं म्हणणार?
डॉक्टरने पाठीला नळी लावून लावून ऐकलं आणि म्हणाला, घोड्याची फुप्फुसं आहेत, पळा घरी. मी म्हटलं, नीट ऐका. त्याने परत ऐकलं. मी जीव तोडून खोकून दाखवला. शेवटी कंटाळून त्याने सिरप लिहून दिलं. अति गोड आहे.

६ मार्च
घरात सातत्य ठेवावं लागतंय. चहा घेताना खोकायचं, पेपर वाचताना खोकायचं. बायकोने मिठाच्या गुळण्या सुरू केल्यात. विचारते, आंघोळ करताना कसा हो येत नाही? म्हटलं, वाफेने मोकळं होतं.
सासूबाईंचा फोन आला. तिकडून म्हणे, खाई त्याला खवखवे. कशाबद्दल बोलत होत्या कळलं नाही. त्यांच्या सुरणाबद्दल असेल.

८ मार्च
मेहुण्याच्या खांद्याचं आज कळलं. बायकोने पोळी लाटता लाटता सांगितलं. डॉक्टरने त्याला हा सीझन शेवटचा म्हणून सांगितलंय. म्हणजे ती फायनल त्याची शेवटची संधी होती. मला का नाही सांगितलं कुणी?
म्हणजे सांगितलं असतं तर मी वेगळ्या प्रकारे… म्हणजे मला खोकला आलाच नसता, असं नाही. पण खोकल्याला मी इतकी वाट करून दिली नसती.
जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, सिरपमुळे.
संकल्प : उद्या त्याला जाऊन सगळं सांगायचं. नक्की.

९ मार्च
मेहुण्याच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. याच दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने मला डार्ट धरायला शिकवलं. आमचा बोर्ड अजून तिथेच टांगलेला आहे, भोवती भोकंच भोकं. भिंतीतली बहुतेक भोकं माझी.
त्याने स्टुलावर बसवलं. काय म्हणता, दाजी? मी म्हटलं, डोळे तपासायचे होते. मग त्याने तपासले. अगदी खालची ओळही वाचून घेतली. डोळे ठणठणीत आहेत, म्हणाला. मग तक्त्याचा दिवा बंद करत म्हणाला, आणखी काही बोलायचं होतं का?
मी म्हटलं, फ्रेम बघायची होती.
बिननंबरचा चष्मा घेऊन घरी आलो. तसा शोभतो मला.

१२ मार्च
पुन्हा गेलो. सनग्लासेस घेतले.

१३ मार्च
विचार करून पाहिला. आत्ता सांगितलं तर कुणाचं भलं होणार? मेहुण्याला मनस्ताप, बायकोला मनस्ताप. मी गप्प बसतोय ते त्यांच्यासाठी. मनावर दगड ठेवून.
दगड जड आहे.

१५ मार्च
चौकशी झाली. सुटलो!!
समितीत तीन माणसं. अध्यक्षांनी तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. हळू करून. माझं तोंड हळूहळू उघडताना बघवत नव्हतं. त्यातून खोकल्याआधी मी मेहुण्याच्या कोपराकडे बघतोय असं दिसतं. मी सगळीकडेच बघतो.
मग मेहुण्याला बोलावलं. तो उठला, खांदा धरून, आणि म्हणाला, दाजींचा खोकला जुना आहे. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा डार्ट माझ्या हातातून चुकला, त्यांच्या घशातून नाही.
जुना? मार्चच्या आधी मला साधं पडसंसुद्धा झालेलं नाही. बिचाऱ्याला खरंच वाटलं असणार. मी इतकं छान खोकलो दोन आठवडे, त्याचा हा परिणाम.
आनंद व्हायला हवा होता. बाहेर येऊन बाकावर बसून राहिलो. स्वतःचीच लाज वाटली. मग मेहुण्याने पाणी आणून दिलं तर आणखी वाटली.
संकल्प : फायनल जिंकायची आणि कप त्याच्या हातात द्यायचा. न सांगता फिटेल. सांगण्यापेक्षा हे बरं.

१९ मार्च
सराव उत्तम. दहातले आठ डबल. चष्मा न लावता.
एक बारीकशी गोष्ट. आता खोकला न ठरवता येतो. काल दुधवाल्याशी बोलताना आला. आज डार्ट फेकताना. सवय लागली असेल. फायनल झाली की बंद करू.

२३ मार्च, सकाळी
काल फायनल झाली.
शेवटच्या डावात मला हवा होता डबल सोळा. तोच. हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. प्रतिस्पर्धी पोरगा मागे पुतळ्यासारखा उभा. डोळेसुद्धा मिटले होते त्याने, माझ्यासाठी.
मी हात मागे घेतला आणि खोकलो. डार्ट चौदाच्या पलीकडे.
दुसरा. हात मागे, खोकला. तिसरा डार्ट बोर्डालाच लागला नाही.
लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. पोराने दोन डार्टमध्ये मॅच संपवली.
परतताना गाडी मेहुणा चालवत होता, एका हाताने. बायको मागे. सिग्नलला थांबल्यावर तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, दाजी, आजचा खोकला खरा होता.
बस, एवढंच. बायकोने खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, असं तो समितीपुढे म्हणाला होता, ते काही खोटं नव्हतं.
माफी मागायला मी तोंड उघडलं आणि खोकला आला. थांबेचना. मेहुण्याने माझ्या बाजूची काच वर केली, वारा लागू नये म्हणून.